पाच रुपयांनी काय होतंय?

(संस्थेच्या वर्धापनदिनी, श्रावणात, दुपारच्या भोजन समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरून एखादा वक्ता बोलवायचा ही आपली जुनी रीत. यंदा कार्यकारिणीने ती मोडली आणि आमच्या भोजन समितीला उभं केलं. आम्ही वक्ते नाही. आमच्यात कोणी बँकेतून निवृत्त झालेलं आहे, कोणी शाळेतून, आणि दोघीतिघी घर सांभाळून इथे येणाऱ्या. तेव्हा भाषणाची अपेक्षा ठेवू नका. आम्ही हिशेब द्यायला आलो आहोत. त्यात एक चूक कबूल करायची आहे आणि शेवटी एक मागणं आहे.

आपल्या शाळेत दुपारचं जेवण का सुरू झालं हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरकारी योजनेतलं दुपारचं भोजन बालवाटिकेपासून आठवीपर्यंतच मिळतं. आपल्या गुजरातेत ही योजना १९८४ पासून आहे, देशभर सुरू झाली १९९५ च्या १५ ऑगस्टला. पण मूल आठवी पास झालं की ताट बंद. जणू नववीत गेल्यावर भूक लागायचीच थांबते! आपल्याकडे नववी-दहावीला येणारी निम्मी मुलं आता जुन्या बडोदेकर घरांतली नाहीत. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या खानदेशातल्या, विदर्भातल्या कुटुंबांची ती मुलं आहेत. आई-वडील दोघंही सकाळी सातला घर सोडतात. डबा होतोच असं नाही. म्हणून सभागृहामागच्या आपल्या स्वयंपाकघरात आठवड्यातले पाच दिवस साधं जेवण सुरू केलं. पोळी-भाजी, वरण-भात, बुधवारी खिचडी-कढी. ताटाला दहा रुपये, उरलेलं देणगीतून. सोमवारी मुलाने पन्नासची एक नोट आणायची आणि आठवड्याची पाच कुपनं घ्यायची. साठ-एक मुलं रोज जेवायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी समितीची बैठक झाली. तूरडाळ वाढली, तेल वाढलं, सिलिंडर वाढला, मावशींचा पगार वाढवायला हवा होता. खजिनदार काकांनी कागद पुढे ठेवला. आमच्यातलंच कोणीतरी म्हणालं, "ताटाचे पंधरा करू या. पाच रुपयांनी काय होतंय? बाहेर लारीवर सेव-उसळ खायला काढतातच की!" कोणी विरोध केला नाही. विषय दहा मिनिटांत संपला, मग चहा आला. ते वाक्य कोणाचं होतं हे आज आम्ही सांगणार नाही, कारण ते आम्हा सगळ्यांचंच होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि नवे दर सुरू झाले. तीन आठवड्यांत साठाची चाळीस ताटं झाली.

हे आम्हाला कधी कळलं? खरं तर उशिरा. आम्ही महिन्याच्या शेवटी वही बघत होतो आणि वहीत जमा रक्कम ठीक दिसत होती. पहिल्यांदा कळलं ते मावशींना. त्या रोज कणीक मळतात. त्या आमच्यापैकी एकीला म्हणाल्या, "ताई, परातीत आता दोन किलो कणीक कमी लागते. पोरं गेली कुठं?" मुलं मागणी करत नाहीत, निवेदन देत नाहीत, वर्गात रडत नाहीत. ती फक्त यायची थांबतात. भाव वाढल्यावर जाणारं मूल आवाज न करता जातं.

मग आम्ही चौकशीला लागलो. गेलेली वीस मुलं एका प्रकारची नव्हती.

पहिली, एकाच घरातली दोन भावंडं. त्यांच्या घरी सोमवारी शंभराऐवजी दीडशे रुपये द्यावे लागत होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते निघायचे, शेवटच्या सोमवारी नाही. कारखान्यातला पगार महिन्याचा असतो, आम्ही पैसे मागत होतो आठवड्याला. दुसरी गोष्ट आमच्या डोक्यातही आली नव्हती. पन्नासची एक नोट मुलाच्या हातात देऊन टाकणं सोपं असतं. पंचाहत्तर म्हटल्यावर आई पाकीट उघडते, सुटे बघते, आणि विचार करते. विचार केला की कधीकधी उत्तर "पुढच्या आठवड्यात बघू" असं येतं.

तिसरी मुलं बऱ्या घरातली. पंधरा रुपयांत आणखी थोडे घातले की बाहेर मित्रांबरोबर खाता येतं, तर वरण-भात कशाला? ही मुलं गेली याचं आम्हाला आधी वाईट वाटलं नाही. पण ती गेल्यावर पंगतीत कोण उरलं? ज्यांना बाहेर खाणं परवडत नाही ती. आठ-दहा दिवसांत वर्गात सगळ्यांना कळलं की सभागृहामागे जेवायला कोण जातं. त्यानंतर आणखी काही जण गेले, आणि ते पैशामुळे नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलाला भूक सहन होते, ओळख सहन होत नाही.

आम्ही सवलत ठेवली नव्हती का? ठेवली होती. ज्यांना अडचण असेल त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यावा, असं फळ्यावर लिहिलं होतं. एकही अर्ज आला नाही. आम्ही त्याचा अर्थ काढला की कोणाला अडचण नाही! आज त्याची लाज वाटते. आपल्यापैकी किती जण "आम्हाला परवडत नाही" असं लिहून, खाली सही करून, मुलाच्या हातून शाळेत पाठवतील?

आता हिशेब. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनी दोन मिनिटं सोसावेत, कारण आमची खरी चूक इथेच आहे.

रोजचा स्थिर खर्च, म्हणजे मावशींचे चारशे, मदतनिसाचे अडीचशे, गॅसचे साधारण अडीचशे, मिळून नऊशे रुपये. साठ ताटं असोत की चाळीस, हा खर्च जवळजवळ तेवढाच. शिवाय प्रत्येक ताटाचा शिधा अठरा रुपये. साठ ताटांचा दिवसाचा खर्च झाला १,९८० रुपये. दहा रुपयांप्रमाणे जमा ६००. देणगीतून गेले १,३८०.

भाव वाढल्यावर चाळीस ताटं. स्थिर खर्च ९००, शिधा ७२०, एकूण १,६२०. पंधरा रुपयांप्रमाणे जमा पुन्हा ६००. देणगीतून गेले १,०२०.

वहीत काय दिसलं? रोज ३६० रुपयांची बचत. आम्ही खूश झालो. पण जमा पाहा. आधी सहाशे, नंतरही सहाशे. दरवाढीतून संस्थेला एक रुपयाही जास्त मिळाला नाही. मग ३६० रुपये वाचले कुठून? वीस मुलं गुणिले अठरा रुपये. तो जेवायला न आलेल्या वीस मुलांचा शिधा होता. आम्ही ज्याला बचत म्हणत होतो ती त्यांची भूक होती.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नव्हेच. आधी एका ताटामागे देणगीतून तेवीस रुपये जात होते. भाव वाढवल्यावर साडेपंचवीस जायला लागले. ताट महाग करूनही प्रत्येक ताट संस्थेला जास्त जड झालं, कारण मावशींचा पगार आणि गॅस आता साठांऐवजी चाळिसांवर वाटला जात होता. याच वाटेने पुढे गेलो असतो तर पुढच्या वर्षी वीस रुपये करावे लागले असते, ताटं तीस झाली असती, आणि मग कोणीतरी म्हणालं असतं की मुलांना जेवणात रस नाही, योजना बंद करू या. ठरावही एकमताने झाला असता.

आम्हाला वाटलं होतं हा आपल्याच कारभाराचा गोंधळ. वाचायला लागलो तेव्हा कळलं की याच खड्ड्यात फार मोठी माणसं आपल्याआधी पडून गेली आहेत.

अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा. तिथे तीन प्रकारचे ग्राहक असतात. गरीब मुलाला फुकट, त्याच्या वरच्या पायरीवरच्याला अल्प दरात, आणि बाकीच्यांना पूर्ण दरात. पण पूर्ण दर देणाऱ्याच्या ताटालाही सरकार थोडं अनुदान देत असे. १९८१ साली रेगन सरकारने खर्चकपातीत हे अनुदान छाटलं. युक्तिवाद अगदी आपल्या बैठकीतला होता. ज्यांना परवडतं त्यांनी द्यावं, सरकारने फक्त गरिबांचं बघावं. अल्प दराची कमाल मर्यादाही वीस सेंटांवरून चाळीस सेंटांवर नेली. शाळांनी दर वाढवले. १९८० मध्ये रोज २ कोटी ६६ लाख मुलं शाळेत जेवत होती, १९८२ मध्ये २ कोटी २९ लाख उरली. त्या काळात शाळेत जाणाऱ्या मुलांची एकूण संख्याही थोडी घटत होती, हे खरं. पण दोन वर्षांत सदतीस लाख ताटं कमी व्हावीत एवढी ती घटली नव्हती. पैसे देणारी मुलं गेली, मग काही शाळांना स्वयंपाकघर चालवणं परवडेना म्हणून त्या योजनेतून बाहेर पडल्या. तिथल्या गरीब मुलांचं फुकट ताटही त्यांच्याबरोबर गेलं.

आणि परत यायला किती काळ लागला? १९८० चा तो आकडा पुन्हा गाठेपर्यंत १९९० चं दशक संपत आलं होतं. ताटं दोन वर्षांत गेली आणि भरून यायला पंधराहून अधिक वर्षं लागली. आमच्या वीस मुलांचा विचार करताना हे आम्हाला फार लागलं.

दुसरं उदाहरण जेवणाचं नाही, पण शाळेतलंच आहे. पश्चिम केनियात शाळांमधून मुलांना जंताच्या गोळ्या फुकट देत असत. पुढे काही शाळांत पालकांकडून थोडी वर्गणी मागायचं ठरलं. रक्कम अगदी किरकोळ, मुलामागे सरासरी तीस सेंटांच्या आसपास. जिथे गोळी फुकट होती तिथे शंभरातली पंचाहत्तर मुलं ती घेत होती. जिथे पैसे मागितले तिथे एकोणीस. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या अभ्यासातली दोन निरीक्षणं आम्ही समितीच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत. एक, पैसे मागितले की घसरण होते, मग ते थोडे कमी असोत की जास्त. दोन, पैसे देऊन गोळी घेणारी मुलं ही जास्त आजारी असलेली मुलं नव्हती. म्हणजे "ज्याला खरी गरज आहे तो पैसे देऊन घेईलच" हा आपला समज तिथे टिकला नाही.

आपल्याकडे म्हणतात, फुकटाची किंमत नसते. आम्हीही म्हणायचो. पण मंडळी, ही म्हण मोठ्या माणसांसाठी आहे. मुलाच्या ताटाची किंमत मूल देतच नाही, त्याची आई देते, आणि जेवण बंद झालं तर उपाशी राहतं ते मूल. किंमत कळावी म्हणून एकाने पैसे भरायचे आणि भरले नाहीत तर दुसऱ्याने उपाशी राहायचं, हा कुठला न्याय?

आता उलटं उदाहरण. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात न्यूहॅम आणि डरहॅम या दोन ठिकाणी प्राथमिक शाळांत सगळ्याच मुलांना जेवण फुकट करून पाहिलं. दहातली नऊ मुलं जेवायला लागली. यात आश्चर्य नाही. आश्चर्य असं की ज्या गरीब मुलांना आधीपासूनच फुकट मिळत होतं, त्यांच्यातलीही जास्त मुलं आता जेवायला बसली. त्यांच्यासाठी किंमत बदललीच नव्हती, शून्य होती ती शून्यच राहिली. बदललं ते एवढंच की शेजारी सगळे बसले होते. २०१४ पासून इंग्लंडने शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांतल्या सगळ्याच मुलांचं जेवण मोफत केलं. पंगतीत सगळे बसले की कोण कशासाठी बसलं आहे हे कोणी बघत नाही. हे शहाणपण आपल्याला लंडनहून आणायची गरज नव्हती. आपल्या भंडाऱ्याला कधी कोणी कुपन मागितलं आहे का?

पण आम्हाला एकच बाजू मांडायची नाही. "फुकट करा आणि मोकळे व्हा" इतकं हे सोपं नाही, आणि याचा दाखला आपल्याच देशात आहे. सरकारी योजनेत पालकाला काहीच द्यावं लागत नाही. मग महागाई कुठे जाते? ती ताटात जाते. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि पाच ग्रॅम तेल मिळालं पाहिजे. धान्य सरकार देतं. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी केंद्राने ठरवलेला दर ऑक्टोबर २०२२ पासून ५ रुपये ४५ पैसे होता. तो पुढे वाढला डिसेंबर २०२४ मध्ये, ६ रुपये १९ पैसे झाला. मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. मधल्या दोन वर्षांत खंडेराव मार्केटमध्ये तूरडाळ आणि टोमॅटो कुठे जाऊन आले हे इथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगायला नको. दर दोन वर्षं थांबतो, बाजार दोन दिवस थांबत नाही. स्वयंपाक करणारी बाई काय करणार? डाळीत पाणी घालणार. पातळ वरण दोनदा वाढलं की मूल तिसऱ्यांदा म्हणतं, भूक नाही. हीदेखील दरवाढीने झालेली गळतीच. फक्त ती वहीत दिसत नाही, कारण हजेरीत मूल आहे.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ पासून शाळेच्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्याला केळं द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबला. शाळांना सांगितलं गेलं की द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. ज्या गावात लोकांकडे आहे तिथे अंडं राहिलं असेल. ज्या गावात मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथल्या लोकांकडे काय असणार?

अमेरिकेतही १९८१ च्या त्याच कपातीच्या वेळी असा एक प्रसंग घडला. टोमॅटोच्या केचपला भाजी म्हणून धरता येईल अशा अर्थाचा नियम पुढे आला होता. देशभर हसू झालं आणि तो मागे घ्यावा लागला. म्हणजे भाव वाढला की दोनच वाटा उरतात. एकतर मूल ताटावरून उठतं, नाहीतर ताटातून काहीतरी उठतं. तिसरी वाट एकच. वाढलेला भाव मुलाने आणि स्वयंपाकिणीने न उचलता समाजाने उचलायचा.

आपण बडोदेकरांना हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा ते मोफतही केलं. सक्ती आणि फी एकत्र नांदत नाहीत हे त्यांना कळलं होतं. पुढे १९२० मध्ये मद्रास महापालिकेने शाळेतल्या गरीब मुलांना न्याहारी द्यायचं ठरवलं, मुलामागे एका आण्याहून जास्त खर्च होऊ नये या अटीवर. १९२५ मध्ये सरकारने तो खर्च नामंजूर केला आणि ती थांबली. एका आण्यासाठी! त्या बैठकीतही कोणीतरी म्हटलंच असेल, एक आण्याने काय होतंय.

तर आम्ही काय केलं ते सांगतो. या जूनपासून कुपन बंद केलं. जेवणाच्या दाराशी पैसे घेणं बंद. नववी-दहावीचा वर्ग सुटला की सगळे हात धुऊन बसतात. शिक्षकही त्याच पंगतीत बसतात, आणि समितीचा जो कोणी त्या दिवशी हजर असेल तोही. ताटं पुन्हा साठाच्या आसपास आली आहेत. लारीवर जाणारी काही मुलं अजून जातात, जाऊ देत. कणीक पुन्हा पूर्वीइतकी मळली जाते.

मात्र एक गोष्ट भरून आलेली नाही. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये ज्या वीस मुलांनी ताट सोडलं त्यांत दहावीची एक मुलगी होती. वाढपात मदत करायची, पाण्याचे पेले भरायची. नंतर ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची. विचारलं तर म्हणायची, भूक नसते. मार्चमध्ये परीक्षा देऊन ती गेली. त्या मधल्या तीन-चार महिन्यांत ती दुपारी काय खात होती हे आम्ही विचारलंच नाही. आता तिला परत पंगतीत बसवता येणार नाही. दर परत खाली आणता येतो, गेलेली दुपार परत येत नाही.

आता मागणं.

अनंत चतुर्दशीनंतर आपली सर्वसाधारण सभा आहे. खजिनदार काकांनी सरळ सांगितलं आहे की फुकट ताट सध्याच्या देणगीवर मार्चपर्यंत टिकणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. ते संस्थेचे वैरी नाहीत, उलट त्यांच्यामुळेच आम्ही इतकी वर्षं उभे आहोत. तेव्हा सभेत पुन्हा पंधरा रुपयांचा विषय येईल. तो येण्याआधी हे आकडे तुमच्याजवळ असावेत म्हणून आज बोललो.

एका दिवसाच्या साठ ताटांचा खर्च १,९८० रुपये. वर्षात जेवणाचे दिवस धरू दोनशे. म्हणजे वर्षाला ३ लाख ९६ हजार. आपली सभासद कुटुंबं तीनशे. भागाकार केला तर एका घराला वर्षाला १,३२० रुपये, महिन्याला एकशे दहा. घरातल्या एका नातवाच्या शनिवारच्या पिझ्झ्यालाही एवढ्यात भागत नाही.

दुसरी वाट तिथीची. तिथी भोजन ही गुजरातचीच देणगी, आता सरकारी योजनेतही देशभर मान्य झालेली. घरातला वाढदिवस, लग्नाचा दिवस, आई-वडिलांची तिथी, त्या दिवशीचं शाळेतलं जेवण आपल्या घरचं. पण एक विनंती आहे. तिथी देणारे श्रीखंड-पुरी देतात, जिलेबी देतात, मुलं खूश होतात, फोटो निघतात. आम्हाला मात्र जिलेबीचे दिवस पुरेसे आहेत, साध्या मंगळवारची डाळ कमी पडते. वडिलांच्या तिथीला त्यांच्या नावाने साधं वरण-भात-पोळी-भाजी द्या, घट्ट वरणाची. त्याचं पुण्य जिलेबीपेक्षा कमी आहे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं आमच्या वाचनात नाही.

आणि सभेसमोर तीन ठराव मांडू. पहिला, जेवणाच्या दाराशी मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्यांना द्यायचे असतील त्या पालकांनी वर्षातून एकदा, स्वेच्छेने, कार्यालयात द्यावेत, आणि कोणी दिले कोणी नाही हे शिक्षकांनाही कळू नये. दुसरा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा ताटामागचा शिधा बाजारभावाशी ताडून पाहायचा, म्हणजे वरण पातळ व्हायच्या आधी आपल्याला कळेल. तिसरा, दर महिन्याच्या जमाखर्चाशेजारी जेवलेल्या ताटांची संख्या लिहायची. रुपये वाचले असं दिसलं तर आधी बघायचं की ताटं किती कमी झाली.

आता थोड्या दिवसांत गणपती येतील. आपल्या मंडपात दहा दिवस महाप्रसाद असतो, आणि रांगेतल्या कोणालाही आपण विचारत नाही की तू वर्गणी दिलीस का. बाप्पा गेल्यावर त्याच स्वयंपाकघरात, त्याच पातेल्यांत, त्याच मावशी मुलांसाठी रांधतात. तिथेही ते विचारायला लागू नये, एवढंच मागणं.

पाच रुपयांनी काय होतं हे आम्हाला आता माहीत आहे. एकशे दहा रुपयांनी काय होतं ते तुम्ही ठरवायचं आहे.